पाणी टाकलेला ग्लास

शाळेत दाखवायच्या प्रयोगासाठी मैत्रीने दोन ग्लासांत सारखाच लिंबाचा रस पिळला. एकात वरून पाणी ओतलं आणि दोन्हींत अंड्याच्या टरफलाचा एकेक तुकडा टाकला. नुसत्या रसात बुडबुडे भराभर उठले. पाण्याच्या ग्लासात मात्र एखाददुसराच.

"आई, रस तं तेवढाच हाये. मंग हा काऊन सुस्त?"

"पाण्यात पसरला ना गं तो. जोर कमी पडते मंग."

माझ्या मांडीवर दूध पिणाऱ्या तान्ह्या भावाकडे, हर्षूकडे, ती बघत राहिली. मग तिने ग्लासांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. नुसत्या रसाच्या ग्लासावर 'हर्षू', पाण्याच्या ग्लासावर 'मी'.

तिसऱ्या दिवशी ती ओरडतच आली. "आई, माह्या ग्लासातलं टरफलबी विरघळलं!" मग डोळे बारीक करून म्हणाली, "तू गुपचूप रस टाकला ना त्याच्यात?"

"नाही गं. त्याले उशीर लागला, एवढंच."

"घे शप्पथ."

"हर्षूची शप्पथ."

तिचा चेहरा पडला. माझा हात ओढून तिने स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"त्याची काऊन? माही घे."