एकशे बारावा कान

"एकशे बारावा परत उड्या मारतोय. मनकर्णा, तिथं कोण नाचतंय?"

वॉकीटॉकीतून गुफरानचा आवाज आला. तिसऱ्यांदा तेच. गुफरान बीडच्या एका मेस्त्र्याचा पोरगा. शिकून तेल शोधणाऱ्या कंपनीत लागला आणि आता यंत्रांच्या गाडीत पडद्यासमोर बसायचा. शिरूर कासारजवळच्या या माळावर त्यानं दोन मैल केबल पसरली होती. केबलला मुठीएवढे जिओफोन. मनकर्णा त्यांना कान म्हणायची. खोल भोकात सुरुंग उडवायचा, हादरा खालच्या खडकांवर आपटून वर येतो, तो या कानांनी ऐकायचा. त्यावरून म्हणे तेल आहे की नाही ते कळतं. ऐकताना मात्र रानात चिटपाखरू हलता कामा नये.

आज शेवटचा सुरुंग होता. अख्खं गाव लांब टेकाडावर जाऊन बसलं होतं. तेल निघालं तर भजी आता फुकटात तळायची, यावर तिकडं एकमत झालं होतं. मनकर्णाच्या जिवाला मात्र वेगळाच घोर. एकशे पाच ते एकशे वीस हे कान तिच्या ताब्यात. ते गप राहिले तर पुढच्या कामाच्या यादीत तिचं नाव. पाली गावाला, चांगलं सहा महिने. म्हणजे यंदा कोयता घेऊन ऊसतोडीला जायचं नाही, आणि लेकीची, मनिषाची, सातवी मोडायची नाही. एवढ्यासाठी तर ती सकाळपासून पळत होती. पळता पळता तिच्या चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा बांधापलीकडच्या नव्या विहिरीच्या काठावर पडलेल्या टायरच्या चपला तिनं पायात सरकवल्या. विहिरीतला मुरूम वर ओढायची यारी बंद होती, माणूस कुणी दिसेना. संध्याकाळी होत्या तिथं ठेवू, म्हणाली आणि निघाली. रान सगळं बाभळीच्या काट्यांचं.

"तू हलतीस का गं?"

"न्हाई, दादा. धोंड्यावानी हुबी हाय."

तिनं चौफेर नजर टाकली. गुरं तिनंच हाकलली होती. मोटारी तिनंच बंद करवल्या होत्या. विहिरीवरच्या राधाकिशनलाही यारी सोडून टेकाडावर पिटाळलं होतं. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. मग हा कान कशानं फडफडतोय?

"आणखी पाच मिनिटं बघतो," गुफरान म्हणाला. "मग एकशे बारा सोडून उडवून टाकू. पण साहेब इचारतील, हा कान कुणाकडं व्हता. मी काय सांगू?"

मनकर्णाचे डोळे भरून आले. "दादा, दिसतंय तरी कसं ते?"

"तीन ठोके. मग गप. मग परत तीन."

"किती?" मध्येच तिसरा आवाज आला. तो भारत, सुरुंगाच्या बटणावर बसलेला. कंपनीत येण्याआधी दहा वर्षं त्यानं विहिरींचेच सुरुंग उडवले होते.

"तीन."

"मोजून तीन?"

"मोजून तीन. कावून?"

वॉकीटॉकीत खट्ट आवाज झाला.

"बटणाची वायर काढली मी," भारत म्हणाला. "इहिरीत माणूस हाय. तीन ठोके म्हंजे वर वढा."

मग काय, जो तो विहिरीकडं पळत सुटला. मनकर्णा सगळ्यांच्या पुढं. टेकाडावरचं गाव बघता बघता खाली उतरलं. साठ फूट खाली, तळाशी, विहीर खणणारा मुंजाजी पहार घेऊन बसला होता. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता, म्हणून तो खडकावर ठोकत होता. विहिरीच्या कडा कच्च्या मुरमाच्या. शंभर पावलांवर सुरुंग उडाला असता तर वरचा मुरूम त्याच्या अंगावर यायला कितीसा वेळ लागला असता?

राधाकिशननं पळत जाऊन यारी चालू केली. "मी शिरूरला डिझेल आणाय गेलतो," तो ज्याला त्याला सांगत होता. "आलो तर काठावर चपला न्हवत्या. खाली उतरणारा चपला काठावर काढूनच उतरतो. चपला न्हाईत म्हंजे माणूस वर. मला वाटलं, जेवाया गेला आसंल."

विहिरीवर राबलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. यात राधाकिशनचं काही चुकलं नव्हतं.

"कुत्र्यानं नेल्या आसतील," कुणीतरी म्हणालं, आणि तेही सगळ्यांना पटलं.

बकेटीत बसून मुंजाजी वर आला तेव्हा एकच गलका उठला. शिट्ट्या काय, टाळ्या काय. गुफरान धापा टाकत आला, त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता. त्यानं खिशातून यादीचा कागद काढला.

"आजवर लई तेल शोधलं," तो म्हणाला. "जित्ता माणूस पहिल्यांदाच सापडला. अन तो मनकर्णाच्या कानानं ऐकला. पालीच्या यादीत तिचं नाव पहिलं." त्यानं गुडघ्यावर कागद धरून तिथंच नाव लिहिलं. बायकांनी मनकर्णाला मिठ्या मारल्या.

तिच्याकडं सगळे बघत होते, तिच्या पायांकडं कुणीच बघत नव्हतं. मागं घाणेरीचं दाट झुडूप होतं. दोन पावलं मागं सरून पाय झटकला असता तर कुत्र्याचं नाव कायमचं झालं असतं.

मुंजाजी घटाघटा पाणी प्यायला. मग सवयीनं काठाकडं वळला आणि पाय सरकवले. चपला तिथंच होत्या, जोडीनं, जशा त्यानं सकाळी काढल्या होत्या तशा. तो थबकला. त्यानं एकदा राधाकिशनकडं पाहिलं, एकदा खाली.

"अजून गरम हायत की," तो बसक्या आवाजात म्हणाला. "कुणाच्या पायात व्हत्या?"

गुफरानच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

"माझ्या," मनकर्णा म्हणाली.