वीतभर पाणी

"मी गाडी पाण्यात घालणार नाही," मंजुषा म्हणाली आणि तिनं रिमोट टेबलावर ठेवून दिला.

शर्यत भरवणाऱ्या शंतनू सरांनी कपाळाला हात लावला. अंतिम फेरी दहा मिनिटांवर आली होती. पहिल्या दोन फेऱ्यांत मंजुषाचीच गाडी पुढं होती. गाडीचा मेंदू असलेला आर्डुइनोचा छोटा बोर्ड, भंगारातून आणलेल्या वायपरच्या मोटारी, रेडिओवर चालणारा रिमोट, सगळं तिनं चार महिने होस्टेलच्या खोलीत बसून एकटीनं जोडलं होतं. पहिल्या येणाऱ्याला शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत थेट नोकरी होती. करमाडच्या पलीकडल्या खेड्यातून आलेल्या पोरीला अशी नोकरी कोणी दुसऱ्यांदा हातात आणून देत नाही.

आणि समोर तो खड्डा होता. चाळीस फूट लांब, बारा फूट रुंद, काळं प्लॅस्टिक अंथरलेला, वीतभर स्वच्छ पाण्यानं भरलेला. शर्यतीत पाण्याचा टप्पा आहे हे तिला जानेवारीपासून माहीत होतं. म्हणून तर बोर्ड डब्यात घालून तिनं कडा सिलिकॉननं बंद केल्या होत्या. पण दोन ड्रम पाण्यात भागेल, असं तिला वाटलं होतं. दोन हजार सोळाचा एप्रिल होता. होस्टेलच्या पोरींना माणशी एक बादली मिळत होती. सकाळीच आईचा, सरूबाईचा, फोन आला होता. आज पाळीचा चौथा दिवस, टँकर अजून आला नाही, बाया रिकामे हंडे घेऊन विहिरीवर बसून आहेत. आणि इथं खेळण्यातल्या गाड्यांसाठी तळं! मंजुषाला त्या मैदानाची, मांडवाची, मांडवात अर्ध्या पिऊन टाकलेल्या बाटल्यांची शिसारी आली.

"अगं, पाणी ओतून झालंय," सर म्हणाले. "तू गाडी घातली नाहीस म्हणून ते परत टँकरमध्ये जाणार आहे का?"

"कुठल्या गावाचं पाणी आणलंत सर हे?"

"टँकरवाला मागच्या फाटकाशी उभा आहे. जा, त्यालाच विचार."

ती गेलीच. त्या टँकरवाल्याचा चांगला उद्धार करायचा, असं ठरवून तरातरा गेली.

फाटकाशी टँकरच्या सावलीत एक माणूस चहा पीत बसला होता. तो तिचा बाप होता. गावाला पाणी पुरवणाऱ्या टँकरवर पुंडलिक दोन वर्षं ड्रायव्हर होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. 

"अण्णा, आज गावाची पाळी होती ना?"

"व्हय." पुंडलिक उठून उभा राहिला. "परवा फोनवर लई रडलीस ना माय तू. पाणी नाय मिळालं तर शर्यत रद्द करतेत म्हणून. मग म्या येऊन सरांना भेटलो."

ती रडली होती हे खरंच होतं.

"आन गाव?"

"गावाला बी मिळतंय की! सरांचा शब्द हाय. गाड्या फिरून झाल्या की मोटर लावून सगळं परत वढून घ्यायचं. प्लास्टिकवरचं पाणी, त्यात काय घाण हुतीय? दोन फडक्यांतून गाळलं की झालं. दिवस मावळायच्या आत हिरीत सोडतो."

मंजुषाला हसू आणि रडू एकदमच आलं. बापानं तिची शर्यत वाचवली होती आणि गावाचं पाणीही. सरांविषयी मनात काय काय आणलं त्याची तिला लाज वाटली. ती पळतच मैदानात आली आणि तिनं रिमोट उचलला.

खड्ड्याशी शर्यतीचं वरून शूटिंग करणारा ड्रोनवाला कुरकुरत होता. "सर, पानी दिखताच नै. निस्ता काला प्लास्टिक दिखरा."

सरांनी मान डोलावली. ड्रोनवाल्याच्या माणसानं चार पुडे फाडून पाण्यात उलटे केले आणि बांबूनं ढवळलं. कापड रंगवायचा रंग होता तो. बघता बघता सगळा खड्डा निळाशार झाला.

"सर! हे पाणी परत द्यायचं ठरलंय ना?"

"देणारच आहे. शब्द म्हणजे शब्द." सर वर ड्रोनकडं बघून हसत होते. "सगळंच्या सगळं घेऊन जाऊ दे त्याला. आम्हाला काय करायचंय त्याचं?"

तेवढ्यात लाउडस्पीकरवर तिचं नाव पुकारलं. मंजुषा जागच्या जागी उभी राहिली. पाणी तर गेलंच, निदान नोकरी तरी हातची जाऊ नये, असं तिच्या मनात आलं. असं आपल्या मनात येतं याची तिला किळस आली. आत्ता सरांच्या हसण्याची आली होती त्याहून जास्त. तरी तिनं गाडी पाण्यात घातली. गाडी डगमगली नाही, बोर्डाला थेंब लागला नाही. मंजुषा पहिली आली.

लेकीचं नाव ऐकून पुंडलिक खांद्यावर पाइप घेऊन हसत हसत आत आला. भेटेल त्याला 'माझी पोरगी, माझी पोरगी' असं सांगत तो खड्ड्यापर्यंत पोचला. तिथं थांबला. वाकून त्यानं ओंजळ भरली, नाकाशी नेली आणि बोटांमधून सोडून दिली. तळवे निळे झाले होते. मग आजूबाजूला कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यानं लेकीला विचारलं,

"मंजे, तू शिकलेली हायस. निदान जनावरांना तरी चालंल का गं हे?"