शनिवारचा कोट

थोरल्या बहिणीने कोटाचे शेवटचे बटण काजातून काढले, पुन्हा काजात घातले, आणि पुन्हा काढले.

शिवणयंत्र थांबले होते. इस्त्री गार झाली होती. काचेच्या दारातून आत आलेले ऊन कापडाच्या ताग्यांवर हळूहळू चढत होते, आणि मधल्या टेबलावर दातांच्या डॉक्टरांचा लग्नाचा कोट पसरलेला होता. अस्तर, खिसे, काजे, सारे धाकटीच्या हातून पुरे झालेला. धाकटी सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसली होती. आपली गिऱ्हाइके नेहमी उशीर करतात हे तिला ठाऊक होते. आजवर त्या उशिराने तिला तारले होते. पण आज, निदान आज, नवरदेवाने वेळेवर यावे म्हणून तिचा जीव कासावीस झाला होता.

"ताई, अगं बघ तरी नीट! कच्चा धागा राहिलाय कुठे? नाही ना? मी दोनदा पाहिलं. मी! दोनदा!"

थोरली अस्तराच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. ही कड आजवर तिची होती. बेतावे, कापावे धाकटीने; तिच्या कात्रीखाली सपाट कापडाला खांदे फुटत. पण कोट उभा राहिला, की तिचे मन त्यातून उठे आणि दुसऱ्याच ताग्यावर जाऊन बसे. मग काजे, बटणे, तुरपाई, सगळी मागची आवराआवर थोरलीच्या वाट्याला. सुई बोचू नये म्हणून बोटात चढवलेले पितळी अंगुस्तान ती दिवसभर उतरवीत नसे.

त्या मन उठण्याला महिन्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी नाव दिले होते: एडीएचडी. हा आळस नाही, बेफिकिरी नाही, त्या म्हणाल्या होत्या. लहानपणापासून तुमच्याबरोबर आहे, कुणी ओळखले नाही इतकेच. आणि यावर औषध आहे. धाकटी तिथेच रडली होती, केसांत पांढरी बट असलेली बाई शाळकरी मुलीसारखी रडली होती, आणि रडता रडता तिला हसू आवरले नव्हते.

"गोळीनं काय होतं सांगू?" ती आता टेबलाभोवती फिरत म्हणाली. "डोक्यात कायम सगळ्या बाजारातली यंत्रं खडखडत असायची. आता एकच चालतं. आणि पॅडलवर पाय माझा असतो, ताई, माझा! येऊ दे त्या दातवाल्याला. आरशात तो स्वतःला बघेल आणि मी मला बघणार आहे."

"तो यायचा नाही आज."

"का? लग्न मोडलं?"

"काहीतरीच काय बोलतेस! त्याला मी पुढचा शनिवार सांगितलाय."

"आणि मला हा?"

"तुला हा."

बाहेर एक सायकल घंटी वाजवत गेली. धाकटी जागच्या जागी उभी राहिली.

"फक्त याच वेळी?"

"दुकान काढल्यापासून." थोरलीने मान वर केली नाही. "गिऱ्हाइकाला एक शनिवार, तुला त्याच्या आधीचा. मधला आठवडा मला लागायचा. तुझं आवरायला."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगितलं असतं, तर तू माझा शनिवार सोडून त्यांचाच धरला असतास."

थोरलीचे खांदे आखडले होते. भांडण आता सुरू होईल, या अंदाजाने ती कोटाची घडी धरून उभी होती. पण धाकटीने दोन्ही हात टेबलावर टेकले आणि ती हसत सुटली.

"मला वाटायचं, आपली गिऱ्हाइकंच विसरभोळी! कीव यायची गं मला त्यांची! म्हणायची, गावातली भुलक्कड माणसं वेचून वेचून आपल्याकडेच कशी येतात!"

थोरलीच्या ओठाचा एक कोपरा हलला आणि पुन्हा स्थिर झाला. तिने कोट हँगरवर चढवला, खांदे सारखे केले, कुठे एखादे सूत निघाले आहे का ते पाहिले. सूत नव्हते. तिचा हात सवयीने सुईकडे गेला आणि मधेच थबकला.

"म्हणजे हा अख्खा आठवडा मोकळा!" धाकटीने टाळी वाजवली. "तुझा, ताई! काय करशील?"

प्रश्न तोंडातून गेला आणि मग तिला त्याचा आवाका दिसला. हा एक आठवडा नव्हता. त्याच्या मागे ते सगळे मधले आठवडे रांगेने उभे होते, ज्यांत कुणीतरी खाली मान घालून काजे करीत बसले होते. तिचा आवाज खाली आला.

"ताई, तुला काय करायचं होतं गं?"

थोरलीने तिच्याकडे पाहिले. मग ती दाराशी गेली. भर दुपारी, दुकान उघडे असताना, ती पायरी उतरली. घराकडे वळली नाही. दोरे-बटणांच्या दुकानाकडेही नाही. ज्या बाजूला तिचे कधीच काही काम नसे, त्या बाजूला ती चालू लागली, आधी जपून, मग भराभर.

अंगुस्तान बोटातच राहिले होते. धाकटी पायरीवर येऊन पाहत राहिली. दूर, रस्त्याच्या वळणावर, हात हलला की तेवढ्यापुरते त्यावर ऊन चमकत होते.