वाऱ्याची वाट
उद्घाटनाला वर्षही झालं नव्हतं, तोच सरकारी कचेरीच्या साहेबांनी वास्तुरचनाकार बाईंना बोलावून घेतलं. विजेशिवाय इमारत गार राहावी म्हणून बाईंनी मधोमध छतापर्यंत उभी पोकळी सोडली होती; सगळ्या खोल्यांच्या खिडक्या तिच्यात उघडत. तिच्यातून आता वाऱ्याऐवजी दुर्गंधी येत होती. सफाईवाल्या मावशींनी तळाचं दार उघडलं आणि बाईंनी आत वाकून पाहिलं. चहाचे कप, थुंकी, खरकटं गुडघाभर साचलं होतं. “कितीदा उपसू हो? वरून पडतच राहतं,” मावशी म्हणाल्या. तेवढ्यात उष्ट्याची पिशवी बाईंच्या खांद्यावर फुटली. वर साहेबांचीच खिडकी बंद होत होती. बाई तशाच जिने चढून गेल्या. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. “बघा, म्हणूनच पोकळी बुजवून एसी बसवायचाय. संमतीपत्रावर सही करा.” बाईंनी कागद उचलला, खांद्यावरची घाण त्यानेच पुसली आणि बोळा साहेबांपुढे ठेवला. “ही घ्या माझी सही.”