डावीकडचं शेवटचं नोझल

फवारणीचं यंत्र आपल्या हाती आलं म्हणून रोलरवाल्याच्या पोटात दुखतंय, याची फवारणीवाल्याला पक्की खात्री होती. मैदानाच्या डाव्या कडेलाच तेवढं तण माजलं होतं आणि साहेबांनी बजावलं होतं, "पुन्हा दिसलं तर यंत्र दुसऱ्याला देईन." दर फवारणीला डावीकडचं शेवटचं नोझल कोरडंच. त्यानं गाळणी धुतली, नळी फुंकून पाहिली, नोझलही बदललं. शेवटी हात गेला नोझलमागच्या इवल्याशा कॉककडे. तो कुणीतरी मुद्दाम बंद केला होता.

आज टाकीत तणनाशक भरून तो चहाला गेल्यासारखं करून शेडच्या दाराआड थांबला. रोलरवाला आला, इकडेतिकडे बघून वाकला आणि कॉक फिरवला.

"सापडलास! माझ्या पोटावर पाय देतोस होय रे?" फवारणीवाल्यानं त्याची कॉलर धरली.

"अरे, त्या कडेला जाळीपलीकडे पाळणाघर आहे."

"मला सांगतोस? माझीच पोर आहे तिथं! आणि तोंडानं बोलता येत नव्हतं?"

"बोलायलाच आलो होतो. तू म्हणालास, माझ्या यंत्राला हात लावायचा नाही." रोलरवाल्यानं कॉलर सोडवायचाही प्रयत्न केला नाही. "तू मान मागे वळवून नोझल बघत जातोस, तुला कसं दिसणार? तुझं यंत्र आलं की तुझी पोर जाळी धरून उभी राहते. दात येतायत ना, तीच तार चावत बसते."

फवारणीवाल्याची मूठ आपोआप सुटली.

"उभी राहायला लागली?"