दोन ट्यूबा

जुन्नरच्या बँडात दोन ट्यूबा, म्हणजे जाड आवाजाचे मोठे पितळी भोंगे होते, एक चांदचा आणि दुसरा रखमाजीचा. फुंकायचे नवे माउथपीस आले, तेव्हा कुणाला कोणता द्यायचा ही निवड बँडमास्तरांनी चांदवर सोपवली. रखमाजीच्या जुन्या ट्यूबाला मोठ्या मापाचाच बसतो, हे चांदला पक्कं ठाऊक होतं. तरी वरातीत आपल्या एकट्याचंच नाव व्हावं म्हणून त्यानं रखमाजीला लहान, सैल बसणारा दिला.

शिनोलीच्या भर वरातीत रखमाजीचा सूर फाटला. वऱ्हाडी फिदीफिदी हसले. रखमाजीनं ट्यूबा खाली ठेवला.

"माझाच दम संपला, राव. आता नाय वाजवायचा."

चांद त्याच्याजवळ सरकला. "रखमाजी, आरं, तो माउथपीस..."

"त्याला कशाला नावं ठेवू? तू सोता निवडून दिला व्हता."