पावडरीचं पथ्य

"आणखी एक पाऊल आत टाकलंत, तर घोडी अंगावर घालीन," जयसिंगराव गुरकावले आणि त्यांनी राधाच्या खोगिराचा पट्टा आवळला.

डॉक्टर पद्मजा तबेल्याच्या दारातच थांबल्या.

कात्रजच्या पलीकडे जयसिंगरावांची घोडेस्वारीची शाळा होती. उन्हाळ्यात अडथळ्यावरून उडी मारताना राधाच्या पुढच्या पायाचं टेंडन फाटलं. पद्मजाबाईंनी पांढरी पावडर दिली आणि बजावलं, "ही चालू असेपर्यंत पाठीवर कुणी बसायचं नाही. बसलात, तर औषध उलटेल आणि टेंडन पार तुटेल."

ही बाई जयसिंगरावांना कधीच आवडली नव्हती. पण घोडी हातची जाईल या धास्तीने ते रोज स्वतः भुशात कालवून पावडर चारत. सलिलला, पोटच्या पोराला, त्यांनी खोगिराला हात लावू दिला नाही. हळूहळू सूज उतरली. लंगडणं थांबलं.

आणि आज पुतणी अवनीने तीच पावडर कॉलेजच्या प्रयोगशाळेतून तपासून आणली. व्हिटॅमिन सी आणि ई. बस्स! जयसिंगरावांनी बाईंना फोनवर शिव्या घातल्या आणि रविवारच्या स्पर्धेसाठी राधावर खोगीर चढवलं.

"लिंबं चारून माझी शाळा बंद पाडायची होती का तुम्हाला?"

"व्हिटॅमिनने टेंडन भरायला मदत होते," बाई थंडपणे म्हणाल्या. "थोडी. खरं काम विश्रांतीचं. आणि ते अजून पुरं झालेलं नाही."

"मग तसं सांगायचं होतं! पोरासोरांसारखं औषध उलटेल म्हणून काय घाबरवलंत?"

"गुलाबच्या वेळी मी तसंच सांगितलं होतं. विश्रांती द्या म्हणाले. सूज उतरली, त्याच आठवड्यात तुम्ही त्याला उडीला नेलंत."

शेजारच्या खणात गुलाब तीन पायांवर उभा होता. चौथा त्याला आता जन्मभर जमिनीवर नीट टेकवता येणार नव्हता. जयसिंगरावांनी तिकडे पाहिलं नाही. गेली दोन वर्षं ते तिकडे पाहतच नसत.

"आज खोटंही उरलं नाही माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "बसा खुशाल."

बाहेर मैदानावरून सलिलची हाक आली, "बाबा, आणताय ना तिला? मी तयार आहे!"

जयसिंगरावांनी पट्टा सोडला. खोगीर उतरवून कठड्यावर आपटलं. बाईंच्या हातात पावडरीचा नवा डबा होता, तो त्यांनी हिसकावून घेतला.

"निघा आता," ते म्हणाले. मग मैदानाकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. "आणि डब्यात काय आहे ते माझ्या पोराला कळता कामा नये. अवनीचं तोंड मी बंद करतो."